ठाण्यातील प्रत्येक सोसायटीसाठी रस्त्याने सर्वांत जवळचे रुग्णालय व अग्निशमन केंद्र: क्यूजीआयएसमध्ये मांडणी कशी करावी?

वाघबीळकर (प्रश्न)

नमस्कार. घोडबंदर रस्त्यावरील काही गृहनिर्माण संस्थांच्या वतीने आम्ही एक नकाशा तयार करीत आहोत. प्रत्येक सोसायटीपासून रस्त्याने सर्वांत जवळचे शासकीय अथवा महापालिकेचे रुग्णालय कोणते, सोसायटीपर्यंत सर्वांत लवकर पोहोचू शकणारे अग्निशमन केंद्र कोणते आणि या दोन्हींचे मार्ग कोणते, एवढे त्यातून दिसावे अशी अपेक्षा आहे. काम वाघबीळ ते कासारवडवली या पट्ट्यापासून सुरू झाले. आता कोपरी आणि कळवा येथील सोसायट्याही यादीत आल्या आहेत.

रस्त्यांसाठी ओपनस्ट्रीटमॅप या लोकसहभागातून तयार होणाऱ्या खुल्या नकाशाची माहिती जिओफॅब्रिकच्या संकेतस्थळावरून पश्चिम विभागाच्या शेपफाइलच्या (नकाशा-माहितीच्या फाइलचा एक प्रकार) रूपात घेतली आणि ती ठाणे महापालिकेच्या हद्दीने कापली. सोसायट्यांचे बिंदू इमारतींच्या मध्यावरून काढले आहेत. सुरुवातीला क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमधील जवळच्या बिंदूशी जोडणी करणारे साधन वापरून पाहिले, पण ते सरळ रेषेतील अंतर मोजते. कोपरीच्या बाबतीत रेल्वेमार्गाचे आणि कळव्याच्या बाबतीत खाडीचे अस्तित्वच त्या हिशेबात नव्हते. म्हणून आता रस्त्यांवरून मार्ग शोधणाऱ्या 'शॉर्टेस्ट पाथ' या साधनाकडे वळलो असून तेथे पुढील अडचणी येत आहेत.

काही सोसायट्यांसाठी मार्गच मिळत नाही. पूर्व द्रुतगती महामार्गालगतच्या काही सोसायट्यांचा मार्ग प्रवेशद्वारासमोरून सुरू न होता महामार्गावरून पुढे जाऊन, वळसा घेऊन परत येतो. 'शॉर्टेस्ट' ऐवजी 'फास्टेस्ट' हा पर्याय निवडला तरी मार्ग तंतोतंत तेच राहतात. शिवाय हे साधन एका वेळी एकच रुग्णालय घेते. सर्व रुग्णालये एकदम देऊन त्यांतील जवळचे निवडण्याची सोय क्यूजीआयएसमध्ये आहे का?

रेखांश७३

आर्कजीआयएस या नकाशांच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या नेटवर्क ॲनालिस्टमध्ये 'क्लोजेस्ट फॅसिलिटी' नावाचे जे तयार साधन आहे, तसे एकसंध साधन क्यूजीआयएससोबत येत नाही. तेच काम दोन टप्प्यांत करावे लागते. 'क्यूनीट३' हे प्लगइन (क्यूजीआयएसला जोडायचे पूरक साधन) बसवून त्यातील 'ओडी मॅट्रिक्स' चालवल्यास प्रत्येक सोसायटी ते प्रत्येक रुग्णालय अशा सर्व जोड्यांचा खर्च, म्हणजे अंतर किंवा वेळ, तक्त्यात मिळतो. त्या तक्त्यातून प्रत्येक सोसायटीसाठी सर्वांत कमी एकूण खर्चाची ओळ निवडावी. व्हर्च्युअल लेयरमध्ये (क्वेरी लिहून तयार केलेल्या लेयरमध्ये) एका साध्या क्वेरीने हे होते. मात्र मॅट्रिक्समध्ये खर्चच येतो, रस्त्याची प्रत्यक्ष रेघ येत नाही. ती हवी असल्यास एका रुग्णालयाच्या वाट्याला आलेल्या सोसायट्या गाळून घ्याव्यात आणि 'शॉर्टेस्ट पाथ' मधील 'लेयर टू पॉइंट' हा प्रकार चालवावा. अग्निशमन केंद्रासाठी 'पॉइंट टू लेयर' घ्यावा, कारण बंब केंद्रातून निघून सोसायटीकडे येतो, तर रुग्ण सोसायटीतून निघून रुग्णालयाकडे जातो. एकेरी रस्ते आणि दुभाजक असलेल्या शहरात हे दोन मार्ग एकमेकांचे उलटे निघतीलच असे नाही, म्हणून दोन्ही मॅट्रिक्स स्वतंत्रपणे काढावेत.

'फास्टेस्ट' निवडूनही फरक का पडत नाही, याचे उत्तर बहुधा वेगाच्या स्तंभात आहे. वेगाचे फील्ड दिले नाही तर क्यूजीआयएस प्रत्येक रस्त्याला ताशी ५० किलोमीटर हा एकच वेग लावते. सर्वत्र वेग सारखाच असेल, तर सर्वांत जलद आणि सर्वांत लहान मार्ग एकच होणार. जिओफॅब्रिकच्या फाइलमध्ये 'मॅक्सस्पीड' हा स्तंभ असतो, पण तो जसाच्या तसा देऊ नये. वेग माहीत नसलेल्या रस्त्यांपुढे तेथे शून्य लिहिलेले असते आणि आपल्याकडे असे रस्ते भरपूर आहेत. त्याऐवजी रस्त्याच्या वर्गाचा 'एफक्लास' हा स्तंभ पाहून वेगाचा नवा स्तंभ स्वतः भरावा. कागदावरची वेगमर्यादा आणि संध्याकाळी माजिवड्याच्या चौकात प्रत्यक्षात मिळणारा वेग यांचा संबंध किती, हे तुम्हाला सांगायला नको. शक्य असल्यास सकाळ-संध्याकाळचा वेगळा स्तंभ ठेवावा आणि गृहीत धरलेले वेग नकाशाच्या कोपऱ्यात छापावेत. 'शॉर्टेस्ट पाथ' चे 'फास्टेस्ट' चे उत्तर तासांत येते, त्यामुळे ०.२ दिसल्यास ती १२ मिनिटे समजावीत.

एकेरी रस्त्यांसाठी 'वनवे' हा स्तंभ दिशेचे फील्ड म्हणून द्यावा. त्यातील 'एफ' म्हणजे रेघ ज्या क्रमाने काढली आहे त्या दिशेने, 'टी' म्हणजे तिच्या उलट आणि 'बी' म्हणजे दोन्ही बाजूंनी. ही तीन मूल्ये साधनाच्या प्रगत पर्यायांत स्वतः लिहावी लागतात. ती न लिहिल्यास प्रत्येक रस्ता दुहेरी धरला जातो आणि महामार्गावर उलट्या दिशेने जाणारा मार्गही कोणताही आक्षेप न घेता मिळतो.

आणखी एक बाब तपासावी. सर्व लेयर मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात (पृथ्वीचा गोल पृष्ठभाग सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीत), म्हणजे यूटीएम ४३ उत्तर, ईपीएसजी ३२६४३ मध्ये आणावेत. अक्षांश-रेखांशातच राहिलेल्या लेयरवर अंतराची वा सहनशीलतेची (किती जवळचे बिंदू एकच मानायचे त्या मर्यादेची) कोणतीही संख्या अंशांत वाचली जाते आणि आपल्या अक्षांशावर एक अंश रेखांश सुमारे १०५ किलोमीटरचे असते.

कळवा_खाडी

रेखांश७३ यांनी साधनांविषयी सविस्तर लिहिले आहेच, मी केवळ रस्त्यांच्या जाळ्याविषयी लिहितो, कारण माझ्या मते तुमच्या पहिल्या दोन अडचणी तेथेच आहेत.

महापालिकेच्या हद्दीने रस्ते कापणे टाळावे. कोपरी मुलुंडला लागून आहे आणि विटाव्याच्या पुढे लगेच नवी मुंबईची हद्द सुरू होते. रस्ता हद्द पाहून थांबत नाही, पण कापलेल्या फाइलमध्ये तो थांबतो आणि मग मुलुंडमधून जाणारा सरळसोट मार्ग साधनाला दिसतच नाही. हद्दीच्या बाहेर काही किलोमीटरपर्यंतचे रस्ते ठेवूनच काप घ्यावा. याच्याशी जोडलेला एक निर्णय तुम्हाला आधी घ्यावा लागेल: विटाव्याच्या सोसायटीसाठी ऐरोलीचे अग्निशमन केंद्र सुविधांच्या यादीत धरायचे की नाही? प्रशासकीय उत्तर वेगळे आणि भौगोलिक उत्तर वेगळे येईल. दोहोंपैकी काहीही निवडा, पण नकाशावर तसे स्पष्ट लिहा.

मार्गच न मिळणाऱ्या सोसायट्यांच्या बाबतीत त्यांचे अंतर्गत रस्ते मुख्य जाळ्याला जोडलेले नसण्याची शक्यता सर्वाधिक आहे. मोठ्या संकुलांतील रस्ते ओपनस्ट्रीटमॅपवर अनेकदा प्रवेशद्वाराच्या थोडे अलीकडेच संपतात. डोळ्यांना ते जोडलेले दिसतात, पण दोन रेघांमध्ये सामाईक बिंदू नसतो. हे शोधण्याची सोपी रीत अशी: कोणत्याही एका केंद्रापासून 'सर्व्हिस एरिया' हे (दिलेल्या अंतरात पोहोचता येणारे रस्ते दाखवणारे) साधन खूप मोठे अंतर देऊन चालवावे. जे रस्ते रंगवले जात नाहीत ते सुटलेले तुकडे.

येथे 'टोपोलॉजी टॉलरन्स', म्हणजे जवळचे बिंदू एकच मानण्याची सहनशीलता, वाढवण्याचा मोह होतो. ती मीटर-दीड मीटरपलीकडे नेऊ नये. हे साधन उंची पाहत नाही. कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा किंवा वाघबीळ येथील उड्डाणपुलाचा एखादा बिंदू खालच्या चौकातील बिंदूच्या जवळ आला, की सहनशीलतेच्या नादात दोन्ही एकत्र केले जातात आणि बंब पुलावरून थेट चौकात उतरू लागतो. त्याच कारणासाठी रस्ते छेदबिंदूंवर तोडणारी साधने चालवू नयेत. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये एकाच पातळीवर मिळणाऱ्या रस्त्यांना सामाईक बिंदू असतो आणि वर-खाली जाणाऱ्यांना नसतो. ही भेदरेषा मूळ फाइलमध्ये शाबूत असते, आपण ती मोडू नये म्हणजे झाले.

वळसा घेणाऱ्या मार्गांचे कारण बिंदू कोठे चिकटतो यात आहे. इमारतीच्या मध्यापासून सर्वांत जवळची रेघ जर महामार्गाची असेल, तर साधन सोसायटीला थेट महामार्गावर आणून ठेवते, भले प्रवेशद्वार सेवा रस्त्यावर किंवा मागच्या गल्लीत असो. बिंदू इमारतीच्या मध्यावरून काढून प्रवेशद्वारासमोरील रस्त्यावर ठेवणे हाच खरा उपाय आहे. कंटाळवाणे काम आहे, पण त्याला पर्याय नाही. कोणते बिंदू आधी तपासावेत हे क्यूनीट३ च्या तक्त्यातून कळते: 'एंट्री कॉस्ट' या स्तंभात बिंदूपासून जाळ्यापर्यंतचा खर्च असतो, त्यावर उतरत्या क्रमाने लावावे आणि वरच्या ओळींपासून सुरुवात करावी. महामार्गालगतच्या सोसायट्या मात्र त्यात सापडणार नाहीत, कारण त्यांचे अंतर फसवेपणाने लहान असते. त्या नकाशावरच पाहाव्या लागतील.

शेवटी, वाहनांच्या जाळ्यातून पादचारी मार्ग, जिने आणि पायवाटा 'एफक्लास' वरून वगळाव्यात, अन्यथा कोपरीतील रुग्णवाहिका रेल्वेवरील पादचारी पुलाने पश्चिमेला जाईल. ठाणे स्थानकाबाहेरचा सॅटिसचा पूल बसगाड्यांसाठी आहे. जिओफॅब्रिकच्या शेपफाइलमध्ये प्रवेशबंदीचा स्तंभ नसल्याने असे रस्ते हाताने तपासून काढावे लागतात. ठाणे-बोरिवली बोगद्याची रेघ ओव्हरपास या ओपनस्ट्रीटमॅपची माहिती देणाऱ्या सेवेवरून घेतलेल्या माहितीत बांधकामाधीन रस्ता म्हणून आढळल्यास तीही वगळावी, नाहीतर येऊरच्या डोंगराखालून आजच वाहतूक सुरू होईल.

पामबीच

मी आर्कजीआयएस प्रोमध्ये हेच काम नवी मुंबईसाठी करतो, त्यामुळे तेथील मांडणीविषयी थोडे लिहितो. कदाचित पुढे कोणाला उपयोगी पडेल.

आधी रस्त्यांपासून नेटवर्क डेटासेट (मार्ग शोधण्यासाठी जोडलेले जाळे) तयार करावा लागतो. ओपनस्ट्रीटमॅपच्या रेघा घेतल्यास जोडणीचे धोरण 'एंड पॉइंट' न ठेवता 'एनी व्हर्टेक्स' ठेवावे. त्या रेघा प्रत्येक चौकात तुटलेल्या नसतात, आणि केवळ टोकांना जोडणी मानली तर लांब रस्त्याला मध्येच येऊन मिळणाऱ्या सर्व गल्ल्या सुटतात. त्यानंतर 'फॅसिलिटीज' मध्ये केंद्रे, 'इन्सिडेंट्स' मध्ये सोसायट्या भरून प्रवासाची दिशा निवडायची. 'कटऑफ' ची संख्या ज्या खर्चावर विश्लेषण चालले आहे त्याच्याच एककात वाचली जाते: खर्च मिनिटांत असेल तर ८ म्हणजे आठ मिनिटे. त्या मर्यादेत कोणतेच केंद्र न बसल्यास सोसायटीला मार्ग मिळत नाही, आणि तो बिघाड नसून ते उत्तर असते.

दुभाजक असलेल्या रस्त्यांसाठी 'कर्ब अप्रोच' हा पर्याय महत्त्वाचा आहे. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे प्रवेशद्वार वाहनाच्या डाव्या हाताला यावे असे ठरवता येते. पाम बीच मार्गासारख्या रस्त्यावर, जेथे वळण घेण्याच्या जागा एकमेकींपासून दूर आहेत, या एका पर्यायाने सर्वांत जवळचे केंद्र बदलू शकते.

माझा आग्रहाचा मुद्दा वेगळाच आहे. शोधायच्या सुविधांची संख्या १ न ठेवता किमान २ ठेवावी आणि पहिल्या व दुसऱ्या केंद्रातील फरक नकाशावर दाखवावा. ज्या सोसायटीसाठी हा फरक अर्ध्या मिनिटाचा आहे तिला एका केंद्राच्या रंगात रंगवणे दिशाभूल करणारे ठरते, कारण आपण गृहीत धरलेल्या वेगांतील अनिश्चितता त्याहून मोठी असते. क्यूजीआयएसच्या मॅट्रिक्समधूनही हे सहज काढता येईल, कारण तेथे सर्व जोड्या आधीच मोजलेल्या असतात.

वाघबीळकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वेगाचा स्तंभ वर्गवारीने भरल्यावर 'फास्टेस्ट' चे मार्ग वेगळे निघू लागले. हद्दीबाहेरचे रस्ते परत घेतल्यावर कोपरीचे मार्गही ओळखीचे वाटत आहेत. प्रवेशद्वारांचे बिंदू संस्थांच्या सचिवांकडून तपासून घेण्याचे ठरले आहे. पामबीच यांनी सुचवलेला फरक नकाशावर वेगळ्या छटेने दाखवू.

दोन शंका उरतात. चौकातील 'उजवीकडे वळण्यास मनाई' यांसारखे नियम या मांडणीत कोठे येतात? आणि सुटलेले अंतर्गत रस्ते आमच्याच फाइलमध्ये जोडावेत की ओपनस्ट्रीटमॅपवर?

रेखांश७३

वळणबंदीचे नियम क्यूजीआयएसच्या अंगभूत साधनांत येत नाहीत, क्यूनीट३ मध्येही नाहीत. ते हवे असल्यास ओएसआरएम किंवा व्हॅल्हाला यांसारखे मार्गशोधक स्वतःच्या संगणकावर चालवावेत. ओपनस्ट्रीटमॅपवर नोंदलेली वळणबंदी ते वाचतात आणि सर्व जोड्यांचा तक्ताही देतात. पोस्टग्रेस या डेटाबेसची सवय असल्यास त्यातच मार्ग शोधणारे पीजीराऊटिंग हाही चांगला पर्याय आहे. फक्त ओएसएम२पीजीराऊटिंगने (ओपनस्ट्रीटमॅपची माहिती त्यात भरणाऱ्या साधनाने) भरलेल्या तक्त्यातील 'कॉस्ट' हा स्तंभ अंशांत असतो, म्हणून वेळेसाठी 'कॉस्ट_एस' आणि 'रिव्हर्स_कॉस्ट_एस' हे सेकंदांचे स्तंभ घ्यावेत. उलट दिशेचा खर्च तेथे ऋण दिसला तर घाबरू नये, त्या दिशेने रस्ता नाही एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या कामासाठी मात्र मी इतक्यात तिकडे वळणार नाही. अग्निशमन बंबाला आणीबाणीत ती बंदी कितपत लागू धरायची, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल.

सुटलेले रस्ते ओपनस्ट्रीटमॅपवरच जोडावेत. तेथे सामाईक बिंदू करून जोडणी जतन केली, की जिओफॅब्रिकच्या रोज नव्याने तयार होणाऱ्या फाइलमध्ये ती आपोआप येते आणि पुढच्या वेळी तेच काम पुन्हा करावे लागत नाही. केवळ उपग्रहचित्र पाहून प्रवेशद्वार ठरवू नये. बंद ठेवलेले मागचे फाटक चित्रात उघड्या फाटकासारखेच दिसते. आणि छापील नकाशावर ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांचा उल्लेख करावा, परवान्याची ती अट आहे.