लॉगिन सर्व यंत्रांवर होते, पण सुडो काहींवरच का चालतो?

प्रश्न

नमस्कार. आमच्या प्रयोगशाळेत डेबियन लिनक्सची ३० यंत्रे असून सर्वांचे लॉगिन ओपनएलडॅप सर्व्हरवरून (वापरकर्त्यांची मध्यवर्ती डिरेक्टरी) एसएसएसडीमार्फत (प्रत्येक यंत्रावर ती डिरेक्टरी वाचणारी सेवा) होते. सुडोचे, म्हणजे कोणी रूटच्या (प्रशासकाच्या) अधिकाराने आदेश चालवावेत याचे, नियमही त्याच डिरेक्टरीत ठेवले आहेत. जुन्या १८ यंत्रांवर सर्व सुरळीत आहे. नव्याने क्लोन केलेल्या १२ यंत्रांवर मात्र लॉगिन होते, आयडी आदेश वापरकर्त्याचे गट बरोबर दाखवतो, सुडो पासवर्ड विचारून तो स्वीकारतोही, आणि त्यानंतर परवानगी नाकारतो. प्रत्येक यंत्राच्या सुडोअर्स फाइलमध्ये (सुडोचे त्या यंत्रापुरते नियम) हाताने नावे घालायची नाहीत, कारण तोच उपद्व्याप टाळण्यासाठी ही व्यवस्था उभारली आहे. कोठे पाहावे?

पहिले उत्तर

पासवर्ड स्वीकारला जात असेल तर पॅमच्या (पासवर्ड तपासणारी यंत्रणा) फाइलींना हात लावू नका. सुडो आधी पासवर्ड तपासतो आणि नियम नसल्याचे नंतर सांगतो, त्यामुळे पुष्कळ जण भलत्याच जागी शोधत बसतात. एनएसस्विचच्या फाइलीत (कोणती माहिती कोठून घ्यायची ते सांगणारी) सुडोअर्सच्या ओळीवर फाइल्सच्या पुढे एसएसएस लिहिलेले आहे का आणि सुडोला एसएसएसडीशी जोडणारे लिबएसएसएस-सुडो हे पॅकेज बसवलेले आहे का, एवढे पाहा.

प्रश्नकर्ता

दोन्ही आहेत. कॅशे (एसएसएसडीने यंत्रावर साठवलेली माहिती) पुसून एसएसएसडी पुन्हा सुरू केला, तरी फरक पडला नाही.

दुसरे उत्तर

कॅशे पुसण्याची सवय बरी नव्हे. सर्व्हर बंद असताना लॉगिन करता यावे म्हणून साठवलेले पासवर्डचे हॅशही (सांकेतिक रूपेही) त्यासोबत जातात. त्याऐवजी एसएसएसडीच्या सुडो विभागात डीबग पातळी (लॉगमध्ये किती तपशील लिहायचा ते) ९ ठेवा, सेवा पुन्हा सुरू करा आणि तुमच्या वापरकर्त्यासाठी किती नियम परत दिले, ती लॉगमधील ओळ शोधा. तेथे शून्य दिसले, तर मला यंत्राच्या नावाचा संशय आहे. एलडॅपमधून नियम घेताना एसएसएसडी ते सरसकट उतरवत नाही. ज्यांच्या सुडोहोस्टमध्ये (नियम कोणत्या यंत्रांना लागू, ते सांगणारा रकाना) या यंत्राशी जुळणारे मूल्य, जसे त्याचे नाव, आयपी पत्ता किंवा सर्व यंत्रांसाठीचा ऑल हा शब्द, असेल, असेच नियम घेतो. लॉगिनला यंत्राचे नाव काय आहे याच्याशी कर्तव्य नसते, म्हणून ते बिनबोभाट चालते. जुन्या आणि नव्या अशा एकेका यंत्रावर होस्टनेम आदेश चालवून उत्तरे शेजारी ठेवा. सुडोच्या नकाराच्या संदेशावर विसंबू नका, कारण तो पहिल्या टिंबापर्यंतचेच नाव छापतो.

प्रश्नकर्ता

लॉगमध्ये शून्यच होते. जुनी यंत्रे डोमेनसह पूर्ण नाव सांगतात, नवी नुसते 'पीसी१९' असे. नियमांत पूर्ण नावे आहेत. होस्ट्स फाइलीतही (पत्ते आणि नावे यांची यंत्रावरची यादी) १२७.०.१.१ च्या ओळीवर आखूड नावच आहे. आता नियमांत आखूड नावे घालू, की यंत्रांची नावे बदलू?

दुसरे उत्तर

सुडोहोस्टला एकाहून अधिक मूल्ये देता येतात, त्यामुळे आखूड नाव घालूनही काम भागेल. पण मग दोन्ही याद्या कायम सांभाळाव्या लागतील. मी होस्टनेमसीटीएल या आदेशाने यंत्राला पूर्ण नाव देईन, होस्ट्स फाइलीत आधी पूर्ण आणि मग आखूड नाव लिहीन आणि एसएसएसडी पुन्हा सुरू करीन. हे करताना दुसऱ्या टर्मिनलवर रूटचे सत्र उघडे असू द्या.

प्रश्नकर्ता

बाराही यंत्रांवर सुडो चालू झाला. आभारी आहे. एक शंका उरली: काल नवा नियम घातला, तो लगेच का लागू झाला नाही?

पहिले उत्तर

नवे आणि बदललेले नियम मूळ मांडणीत दर १५ मिनिटांनी येतात, आणि संपूर्ण संच दर ६ तासांनी. घाई असेल तर सेवा पुन्हा सुरू करा.