मदत हवी आहे: शेजारचा फणस आणि आमची कौलं

घर रत्नागिरी तालुक्यात, ग्रामपंचायत हद्दीत. शेजारच्या काकांचा फणस गडग्यापलीकडे त्यांच्याच जागेत आहे; मोजणी झालीय, हद्दीचा वाद नाही. पण दोन जाड फांद्या आमच्या पडवीवर आल्यात. गेल्या पावसात सात कौलं फुटली, पन्हळ तर पानांनी कायम तुंबलेली.

काकांना दोनदा सांगितलं. "फळतं झाड आहे, मे संपूदे" म्हणतात. मे संपला की पाऊस! तोडणाऱ्याची मजुरी मी देतो म्हटलं, तरी तेच. भांडायचं नाहीये, गणपतीत आरतीला एकमेकांकडे जातो आम्ही.

फणस १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहे, म्हणून विचारतो: नुसत्या फांद्या छाटायलाही वनखात्याची परवानगी लागते का? लागत असेल तर अर्ज काकांनीच करायचा, की मी केला तरी चालतो?