दहाला अंथरुणात, झोप मात्र बारालाच

प्रश्न: १५ वर्षांच्या मुलाला दहाला झोपायला पाठवलं तरी बारापर्यंत टक्क जागा. फोन काढून घेतला, तरी तेच. सहाला उठवताना रोज आदळआपट आणि रविवारी अकरापर्यंत लोळणं. शिस्त कमी पडतेय की आणखी काही?

उत्तर १: शिस्तीचा भाग कमी. वयात येताना शरीराचं घड्याळ तास-दोन तास उशिराकडे सरकतं, झोपेची वेळ झाल्याचं शरीराला कळवणारं मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा स्रवतं. शिवाय नेहमी झोप लागते त्याआधीचे दोन-तीन तास मेंदू चांगलाच तरतरीत असतो. बाराला झोपणाऱ्याला दहाला आडवं केलंत तर नेमके हेच तास तळमळण्यात जातात, मग अंथरूण दिसलं की झोप उडते.

सुरुवात सकाळपासून करा. रविवारी फार तर सातपर्यंत. अकरापर्यंत झोपला की घड्याळ पुन्हा उशिराकडे. उठल्यावर अर्धा तास घराबाहेरच्या उजेडात (खिडकीजवळचा उजेड त्यामानाने फारच कमी). दुपारी डुलकी हवीच असेल तर २० मिनिटं, तीनच्या आत. रात्रीची वेळ दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे घ्या. बारावरून दहावर यायला तीनेक आठवडे लागतात. या वयाला ८ ते १० तास झोप लागते, म्हणजे सहाला उठायचं तर दहाच्या पुढे जाऊन चालणार नाही.

उत्तर २: एकट्या मुलाला नियम लावून भागत नाही. बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू, ट्यूबलाइट लख्ख, आणि तो आत अंधारात? शेवटचा तासभर घरभर मंद पिवळा दिवा ठेवा. सगळ्यांचे फोन, आईवडिलांचेही, झोपायच्या खोलीबाहेर एकाच जागी चार्जिंगला. अलार्मसाठी साधं घड्याळ आणा, म्हणजे ती सबब उरत नाही. मार्कांचा विषय जेवणानंतर काढूच नका. कॉफीतलं कॅफीन निम्मं व्हायला पाच-सहा तास लागतात, त्यामुळे संध्याकाळचा कप बंद.

प्रश्नकर्ता: अभ्यासच साडेअकराला संपतो, त्याचं काय?

उत्तर १: संपायची वेळ आधी ठरवा. अवघड विषय संध्याकाळी, रात्री फक्त उजळणी किंवा दप्तर भरणं, आणि तेही टेबलावर. वाचलेलं पक्कं होतं ते झोपेतच. २० मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात काहीतरी रटाळ वाचावं, डोळे जड झाले की परत आडवं व्हावं.

उत्तर ३: एक भर. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं किंवा पुरेशी झोप होऊनही वर्गात पेंगणं असेल तर थेट डॉक्टरकडे जा. मेलाटोनिनच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. डोस आणि वेळ चुकली तर घड्याळ उलट्या बाजूलाही सरकू शकतं.