वक्र पृष्ठावरची रेषा कोड्यात सरळ मानावी का?

प्रश्न

नऊ बिंदूंचे कोडे अनेकांना ठाऊक असेल: तीन ओळींत तीन-तीन बिंदू, आणि लेखणी न उचलता चार सरळ रेषांनी ते सगळे जोडायचे. मी ते वर्गात दिले, तेव्हा एका विद्यार्थिनीने कागदाची नळी करून एकाच रेषेत नऊही बिंदू जोडले. मी ते उत्तर अमान्य केले, पण त्याचे कारण मला नीट सांगता आले नाही, आणि ते मनाला लागून राहिले आहे. नळीवरची ती रेषा सरळ मानावी का?

उत्तर १

तिची रचना निर्दोष आहे, हे आधी मान्य करायला हवे. लगतच्या बिंदूंतील अंतर १ एकक धरा. कागद किंचित तिरपा गुंडाळून असा जोडला, की पहिल्या ओळीच्या शेवटच्या बिंदूपासून १ एकक पुढची जागा दुसऱ्या ओळीच्या पहिल्या बिंदूवर येईल, तर पहिल्या ओळीवरून निघालेली रेषा न वळता दुसऱ्या आणि मग तिसऱ्या ओळीवरून जाते. नळीचा परीघ तेव्हा √१० एकक असतो. बिंदूंना जाडी नसली तरी हे साधते. अवकाशात ही रेषा मळसूत्री आहे. मात्र पृष्ठावरूनच चालणाऱ्याला ती कुठेही डावीउजवीकडे वळताना आढळत नाही. अशा रेषेला जिओडेसिक म्हणतात.

उत्तर २

वरील गणित बरोबर आहे, पण माझ्या मते अडचण सरळपणात नसून ‘एक’ या शब्दात आहे. नळी उलगडली की तीच रेषा तीन सुट्या रेषाखंडांत विभागते, म्हणजे मूळच्या तीन ओळीच उरतात. गुंडाळताना कागद ताणला जात नाही, त्यामुळे लांबी आणि कोन तेच राहतात. बदलते ती जोडणी. नळीवर वेगवेगळ्या उंचीवरील दोन बिंदूंना जोडणाऱ्या जिओडेसिक रेषा अगणित असतात, त्यामुळे रेषा मोजण्याचा मूळ नियमच तेथे वेगळा होतो.

गोलाची गोष्ट निराळी आहे. गोल न ताणता सपाट करताच येत नाही, हे गाउसच्या १८२७ च्या प्रमेयावरून निघते. तेथे सरळ रेषेची जागा केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने कापलेले बृहद्वर्तुळ घेते, आणि अशा तीन पाव-वर्तुळांच्या त्रिकोणात तिन्ही काटकोन येऊन बेरीज २७०° होते. उत्तर ध्रुवावरून दक्षिणेस, मग पूर्वेस, मग उत्तरेस समान अंतर चालून मूळ जागी परतण्याच्या कोड्यालाही पुष्कळजण असाच त्रिकोण समजतात. ते चूक आहे, कारण पूर्वेकडची वाट अक्षवृत्तावरून जाते आणि त्यावर टिकून राहण्यासाठी चालणाऱ्याला सतत डावीकडे वळावे लागते. विषुववृत्त हे एकच अक्षवृत्त याला अपवाद आहे.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. कोड्यात ‘सपाट कागदावर’ हे शब्द मी लिहिलेच नव्हते, त्यामुळे तिचे उत्तर मी उद्या वर्गात मान्य करणार आहे, आणि नळी उलगडून त्या रेषेचे काय होते ते तिलाच सर्वांना दाखवायला सांगणार आहे.