पिवळ्या फिंचले मराठीत काय म्हणाव?

वावरवाला: राजेहो, शाळेच्या भित्तीपत्रकासाठी उत्तराखंडातल्या एका पक्ष्याबद्दल लिहून राहिलो. छाती पिवळीधम्मक, डोकं काळपट-हिरवं, त्यावर पिवळे पट्टे, पंखातही पिवळा पट्टा, शेपटीले मधात खाच, चोच जाड. यलो-ब्रेस्टेड ग्रीनफिंच हे नक्की. मी 'हिरवी चिमणी' लिहिलं तर हेडमास्तर म्हणे हिरवी कुठाय, अन चिमणी तर नाहीच. मंग काय लिहू?

जवारीकणीस: मुनिया लिहा. लहान, दाणे खाते, थव्यानं फिरते. झालं की.

मेळघाटी: झालं कसं बाप्पा? मुनियाचं कुळ वेगळं, चिमणीचं, सुगरणीचं वेगळं, फिंचचं आणखी वेगळं. दाणे फोडायचं काम एकच म्हणून चोची सारख्या. अन 'हिरवी मुनिया' नावाचा पक्षी खरंच आहे, मध्य भारतातला, दुर्मिळ. पोरं घोटाळतील.

जवारीकणीस: पण हिवाळ्यात आमच्या जवारीवर पिवळ्या पाखरायचे थवेच्या थवे येतेत, हाकललं की धुऱ्यावरच्या बाभळीवर जाऊन बसतेत, आबाजी गोफण घेऊन दिवसभर बोंबलत राहे. तेच असन.

मेळघाटी: ते भारीट, काळ्या डोक्याचं. नराची पाठ तांबूस असते, पंखात पिवळा पट्टा नसतो. पश्चिम आशिया, आग्नेय युरोपातून येतं, मार्च-एप्रिलात परत. ग्रीनफिंच थंडीत पहाडावरून पायथ्याकडे उतरते, तिथंच सूर्यफुलाच्या बिया फोडत बसते. विदर्भात कशाला येईल?

जवारीकणीस: भारीट म्हणजे कडब्याच्या भाऱ्यावर बसते ते, नाही का?

शुद्धमराठी: मनची व्युत्पत्ती! मग पेंडीवर बसेल ते पेंडीट? आणि मूळ प्रश्नाचं म्हणाल तर 'पीतवक्ष हरितचटक' लिहा. संस्कृतात चटक म्हणजे चिमणी.

मेळघाटी: म्हणजे फिरून चिमणीच! फिंच लिहा ना सरळ, टेबल लिहितो तसं.

वावरवाला: पाचवीच्या पोराले चटक म्हटलं तर तर्रीपोह्याची लागते तेवढीच समजन.

शुद्धमराठी: आळस आहे हा. बरं, 'धुऱ्यावरची बाभूळ' काय प्रकार? धुरा खांद्यावर घेतात.

जवारीकणीस: तुमची पुण्याची धुरा ऱ्हाऊ द्या. दोन वावरायच्या मधातला तो धुरा.

शुद्धमराठी: त्याला बांध म्हणतात.

मेळघाटी: बांध पाणी अडवाले. धुरा हद्दीचा, त्याच्यावरून सख्खे भाऊ कोर्टात जातेत.

शुद्धमराठी: सातबाऱ्यावर तरी आहे का हा शब्द?

जवारीकणीस: सातबाऱ्यात धुरा कुठी दिसते भाऊ, मोजणीच बोलवा लागते.