बसवर लावतात ती ‘जाहिरात’, ‘फलक’ की ‘झूल’?

धंतोलीकर:
मंडळी, एका मासिकासाठी लेख लिहिते आहे. शहर बस, बसथांबे आणि मेट्रो स्थानकं यांवर काय लावता येतं, काय नाही, आणि ते कोण ठरवतं. विषय रुक्ष वाटेल, पण माझी गाडी अडली आहे ती शब्दांवर. कायद्याच्या मराठी प्रतीत ‘आकाशचिन्ह’ भेटलं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २४४ आकाशचिन्हांचं, २४५ जाहिरातींचं. पुणे महापालिकेत तर ‘आकाशचिन्ह व परवाना’ असा विभागच आहे. आपल्या नागपुरात बर्डीवर कुणाला विचारलं, ‘इथे आकाशचिन्ह कुठे आहे हो?’ तर तो चंद्राकडे बोट दाखवेल. बसच्या पाठीवर शिकवणी वर्गाची जाहिरात असते, तिला हा शब्द चालतो का? आणि अख्खी बस वरपासून खालपर्यंत एकाच जाहिरातीत गुंडाळतात, त्याला काय म्हणायचं? ‘वेष्टन’ लिहिलं तर बिस्किटाचा पुडा डोळ्यांपुढे येतो.

महालवाला:
बसला ‘आकाशचिन्ह’ अजिबात चालणार नाही, आणि कारण व्याख्येतच आहे. रस्त्यावरून पाहताना ज्याच्यामागे आकाश दिसतं ते आकाशचिन्ह. गच्चीवर सांगाडा उभारून लावलेलं, खांबावर चढवलेलं. जाहिरातीसाठी सोडलेला फुगासुद्धा त्यात येतो. बसच्या मागे आकाश कुठलं? मागे दुसरी बस असते आणि तिचा हॉर्न असतो.

शब्द इंग्रजी ‘स्काय साइन’वरून शब्दाला शब्द ठेवून केलेला आहे, हे उघड आहे. आकाश आलं, चिन्ह आलं, जाहिरात मात्र बाहेरच राहिली. तरी मी त्याला सरसकट हसणार नाही. एका विशिष्ट वस्तूला एक विशिष्ट नाव मिळालं, कायद्याला तेवढं पुरतं. हसायचं तर आपण नागपूरकरांनी जरा जपूनच हसावं. इंग्रजी शब्दांना संस्कृतावरून प्रतिशब्द घडवणाऱ्या डॉ. रघुवीर यांच्या परिभाषेचा मोठा कारखाना काही वर्षं आपल्याच गावात चालला होता.

अनुस्वार:
चर्चा सुरू होण्याआधी एक खिळा ठोकून घेतो. ‘जाहिरात’ मधला ‘हि’ ऱ्हस्व. शहरातल्या निम्म्या फलकांवर ‘येथे जाहीरात करा’ असं रंगवलेलं असतं. ‘जाहीर’ एकटा असतो तेव्हा ‘ही’ दीर्घ, कारण ते शेवटून दुसरं अक्षर. पुढे ‘आत’ लागलं की तो मान सोडून ऱ्हस्व होतो. ‘जाहीरनामा’, ‘जाहीर सभा’ यांत मात्र ‘जाहीर’ अख्खा शाबूत राहतो, म्हणून तिथे दीर्घच.

अर्थाचं म्हणाल तर ‘जाहीर’ अरबीतून आला, अर्थ उघड, दिसणारं. म्हणजे जाहिरातीच्या मुळात ‘विकणं’ नाही, फक्त ‘दिसणं’ आहे. हे लेखात वापरता येईल ताई. नियम सगळे दिसण्याचेच असतात: कुठून दिसतं, किती मोठं दिसतं, ड्रायव्हरला काय दिसेनासं होतं.

धंतोलीकर:
छान. मग ‘विज्ञापन’? आपल्याकडे हिंदी इतकं मिसळलेलं आहे की माझ्या मसुद्यातही ते दोनदा शिरलं होतं.

अनुस्वार:
हिंदीत बरोबर, मराठीत गंमत. जुन्या मराठी पत्रांत धाकट्याने थोरल्याला लिहिताना ‘विज्ञापना ऐसीजे’ असं असायचं. म्हणजे हात जोडून केलेली विनंती. दंतमंजनाची कंपनी हात जोडून विनंती करते आहे अशी कल्पना करून पाहा. तेव्हा ‘जाहिरात’च ठेवा.

डबल बेल:
ताई, मी एसटीत कंडक्टर होतो, आता घरीच असतो. मले तुमचा ‘फलक’ काही पटला नाही बाप्पा. गाडीवर जे असते ते पाटी. ‘नागपूर–यवतमाळ’ लिहिलेली लोखंडी पाटी आम्ही स्वतः उचलून काचेमागे लावत होतो. गणेशपेठेच्या स्टँडवर कोणी ‘फलक पाहा’ म्हणत नाही, ‘पाटी पाहा’ म्हणते. फलक म्हणजे स्टँडच्या भिंतीवरचा, वेळापत्रकाचा. अन् जाहिरात असते ते पत्र्यावर. आमच्या डेपोत शब्दच तसा होता: ‘पाठच्या पत्र्यावर कोणाची आहे?’ कोणाची म्हणजे कोणाची जाहिरात, हे सांगावं लागत नव्हतं.

महालवाला:
काका, तुम्ही नकळत नियमच सांगितलात. गाडी कुठे जाते ते सांगणारी पाटी, ती कोणी विकत घेऊ शकत नाही. वेळापत्रक, ‘महिलांसाठी राखीव’, ‘धूम्रपान करू नये’, या सूचना. उरला पत्रा. जाहिरातीचा हक्क निविदेने जातो तो पत्र्याचा. जाहिरातीने पाटी किंवा सूचना झाकू नये, एवढं एक वाक्य तिन्ही शब्द नीट वापरले तर लख्ख होतं. सगळीकडे ‘फलक’ लिहिलं तर ‘फलकाने फलक झाकू नये’ असं काहीतरी होऊन बसेल.

धंतोलीकर:
हे तर माझ्या टेबलावर चिकटवून ठेवते. आता गुंडाळलेल्या बसचं सांगा. परवा संध्याकाळी अशाच एका बसमध्ये बसले होते. खिडकीवर ती बारीक भोकांची जाळीदार फिल्म. दिवसा आतून बऱ्यापैकी दिसतं, पण पाऊस आला आणि भोकाभोकांत पाणी भरलं. बाहेरचे दिवे नुसते पिवळे ठिपके. शेजारच्या आजी दर थांब्याला विचारत होत्या, ‘मेडिकल आलं का वं?’ मी काचेला नाक लावलं तरी मला चौक ओळखू येईना. शेवटी कंडक्टरने ओरडून सांगितलं तेव्हा आम्ही दोघी धडपडत उतरलो, आणि बस पुढे गेल्यावर कळलं की बाहेरून त्या काचेवर एका हसऱ्या कुटुंबाचे दात होते.

डबल बेल:
त्याले झूल म्हणा! पोळ्याले बैलावर टाकतो थे. आमच्याकडे तान्ह्या पोळ्यात लाकडी नंदीलेही झूल शिवतेत. बैल तोच, झूल निराळी. अन् झूल टाकताना आपण बैलाचे डोळे झाकतो का? मग गाडीचे काऊन झाकता?

अनुस्वार:
काका, नमस्कार घ्या. ‘झूल’ बिनतोड आहे. स्त्रीलिंगी, सामान्यरूप ‘झुली-’. पूर्ण झूल, अर्धी झूल, पाठझूल, असे प्रकारही पाडता येतात. सरकारी कागदात ‘संपूर्ण आवरण’ येईल हे मला माहीत आहे, पण लेखात तरी झूल येऊ द्या.

महालवाला:
काचेबद्दल: केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जावा असं प्रमाण दिलेलं आहे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली तेव्हा चौकाचौकांत फिल्म खरवडणारे पोलीस आठवत असतील. इथे ‘पारदर्शक’ लिहू नका, ते हो किंवा नाही एवढंच सांगतं. ‘आरपार दिसणे’ लिहा, त्यात किती हे विचारता येतं.

इतवारीचा पेंटर:
मध्येच बोलतो. हाताने रंगवायचो तेव्हा काच हा प्रश्नच नव्हता, काचेवर ब्रश कोण फिरवेल? छापून चिकटवायचं विनाइल आलं अन् भिंत-काच-दार सगळं एक झालं. आमच्या धंद्यात अजूनही ‘पाठ’, ‘बाजू’ अन् ‘कपाळ’ म्हणतात. कपाळ म्हणजे ड्रायव्हरच्या काचेवरची पट्टी. बस एवढंच.

धंतोलीकर:
‘कपाळ’! घेतलं. आता अवघड भाग. बसथांब्याला पाटीवर ‘प्रवासी निवारा’ लिहितात, शब्द मला फार आवडतो. पण त्या निवाऱ्यावर ‘अमुक यांच्या निधीतून’ असं निवाऱ्याच्या नावापेक्षा मोठं लिहिलेलं असतं. खाली कुणाच्या तरी वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा आणि वीस शुभेच्छुकांचे चेहरे. ही जाहिरात आहे का? नियम जाहिरातीचे आहेत, शुभेच्छांचे नाहीत.

महालवाला:
याचं उत्तर निवडणूक देते. आचारसंहिता लागली की सरकारी मालमत्तेवरचं राजकीय साहित्य २४ तासांत, सार्वजनिक जागांवरचं ४८ तासांत आणि खाजगी मालमत्तेवरचं नियमबाह्य असेल ते ७२ तासांत काढायचं असतं. बसस्थानकं आणि सरकारी बस त्या मधल्या ४८ तासांच्या गटात येतात. १६ मार्च २०२४ ला लोकसभेची घोषणा झाली आणि दोन दिवसांत गावभरच्या शुभेच्छांवर कागद चिकटले. जे झाकावं लागतं ते जाहिरातच होतं, मग त्याला शुभेच्छा म्हणा, माहिती म्हणा की लोकार्पण म्हणा.

अनुस्वार:
‘सौजन्य’ शब्दाचे हाल बघा त्यात. सुजन माणसाचा गुण तो सौजन्य. आता ‘यांच्या सौजन्याने’ म्हणजे पैसे कोणी दिले. मी ‘प्रायोजक’ लिहायला सांगेन, निदान लपवाछपवी नाही.

आणि विनापरवाना चिकटवलेल्यासाठी जो १९९५ चा राज्याचा कायदा आहे, त्याचा उल्लेख सरकारी आदेशांत ‘मालमत्तेचे विरूपण’ असा येतो आणि वर्तमानपत्रांत ‘विद्रूपीकरण’. दोन्ही चालतात, दोन्हींत ‘रू’ दीर्घ. माझा कल ‘विद्रूपीकरण’कडे, कारण ‘विद्रूप’ हा शब्द घरात बोलला जातो.

महालवाला:
एक पैशांचा शब्दही सांभाळा. ‘जाहिरात कर’ आणि ‘जाहिरात शुल्क’ एक नव्हेत. १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतली जाहिरातकराची नोंद क्रमांक ५५ वगळली, मग १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. त्यानंतर महापालिका परवानगीसाठी घेतात ते शुल्क, आणि जागा वापरायला देऊन घेतात ते भाडे. ‘कर’ लिहिलंत तर जाणकार वाचक तिथेच पान उलटेल.

धंतोलीकर:
लिहिलं होतं. खोडलं.

आणखी दोन शब्द. पहिला: तंबाखूच्या जाहिरातीला २००३ च्या कायद्याने मनाई आहे, म्हणून त्याच नावाच्या वेलचीची जाहिरात येते. दारूचं नाव, बाटलीत सोडा. याला ‘छुपी जाहिरात’ म्हणतात, पण छुपं त्यात काहीच नाही, ते तर दहा फुटी असतं.

डबल बेल:
लेकी बोले सुने लागे!

अनुस्वार:
काका आज फॉर्मात आहेत. खरंच, बोलायचं लेकीला, लागायचं सुनेला. याहून नेमकं काय सांगणार? नियमाच्या वाक्यात म्हण बसत नाही ही अडचण. तिथे ‘आडून केलेली जाहिरात’ लिहा. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणाऱ्यालाही कळेल.

धंतोलीकर:
दुसरा अमेरिकेतला आहे. ओहायो राज्यात शेकर हाइट्स नावाचं शहर आहे. तिथल्या शहराच्या मालकीच्या गाड्यांत सिगारेटच्या, बँकांच्या जाहिराती घेत, राजकीय घेत नसत. निवडणुकीला उभ्या असलेल्या एका उमेदवाराने जागा मागितली, नकार मिळाला, आणि १९७४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. वाद दोन शब्दांवर होता. एक, बसमधली जाहिरातीची जागा ही कुणीही येऊन बोलावं अशी मोकळी जागा आहे का. दोन, बसमधला प्रवासी म्हणजे असा प्रेक्षक जो उठून जाऊ शकत नाही. पहिल्यासाठी मी ‘सार्वजनिक व्यासपीठ’ लिहिलंय. निर्जीव वाटतं.

महालवाला:
‘चव्हाटा’ का नको? चार वाटा मिळतात ती जागा. तिथे कुणीही उभं राहून बोलू शकतं, कुणाची परवानगी नाही. प्रश्न मग असा होतो: बस हा चव्हाटा आहे का? न्यायालयाचं म्हणणं, नाही.

अनुस्वार:
अर्थ चपखल, पण ‘चव्हाट्यावर आणणे’ने शब्दाला काळं फासलंय. ऐकलं की भांडणच आठवतं. ‘चावडी’ म्हणावं तर ती सरकारी. मी म्हणेन एकदा ‘चव्हाटा’ वापरा, पुढे ‘खुली जागा’.

महालवाला:
एका वाक्यात दोन शब्द नकोत. मी चव्हाट्यावर ठाम आहे.

डबल बेल:
उठून जाऊ न शकणाऱ्याचं मी सांगतो. स्टँडवर गाडी उभी असते तेव्हा पाचक गोळ्या, पेन, पोथ्या विकणारे चढतेत. लोकं खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ताई. त्याच्या भाषणाले कंटाळून उठलं तर सीट गेली! यवतमाळपर्यंत उभं राहा. मग ऐकते माणूस मुकाट्यानं. असा माणूस म्हणजे बसल्या जागचा गिऱ्हाईक.

धंतोलीकर:
काका, ‘बसल्या जागचा प्रेक्षक’ असं लिहिते आणि तुमचा रुमालही लेखात घेते.

मसुद्यातलं एक वाक्य टाकते, पाहा: ‘गाडीला झूल घालताना पाटी, सूचना, संकटकालीन दार आणि प्रवाशांच्या खिडक्यांची तावदानं झाकली जाणार नाहीत.’

अनुस्वार:
‘तावदानं’ काढा, ‘काचा’ लिहा. तावदान म्हटलं की वाचक महालातला वाडा शोधायला निघेल.

डबल बेल:
अन् ‘संकटकालीन दार’ लिहिता, पण गाडीत तर ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ लिहिलेलं असते. जे लिहिलं आहे थेच लिहा, नाहीतर त्या दिवशी कोणाले सापडणार नाही.