सीआयपी३ वालं फोर कलर घेतोय, जुना मशीनमन ठेवू की नको?

पेठेतली_प्रेस
नमस्कार मंडळी, शनिवार पेठेत आमची छोटी प्रेस आहे, टू कलर ऑफसेट मशीनवर पुस्तकं, पत्रिका, दिवाळी अंक असं चालतं. आता सेकंडहँड फोर कलर बघतोय, रिमोट इंक कंट्रोल आणि सीआयपी३ प्रीसेटिंगवालं, म्हणजे प्लेटच्या फाइलवरून शाई आधीच सेट करणारं. विकणारा म्हणतो प्लेट लावा, शाई आपोआप सेट होते, नवशिका पोरगाही चालवेल. त्यामुळे घरचे म्हणतात मग मशीनमन काकांचा पगार कशाला. काका बाबांच्या वेळेपासून आहेत, मला पटत नाहीये. कोणी चालवलंय का असं मशीन?

फाउंटन
चालवतोय. प्रीसेटिंग भारीच आहे, प्लेटच्या फाइलवरून कुठल्या पट्ट्यात किती शाई लागणार ते काढून तेवढ्याच इंक की (शाई कमीजास्त सोडायचे स्क्रू) उघडतं, कलर पटकन जवळ येतो, वेस्टेज वाचतं. पण खरी मारामारी पाण्याची असते दादा, प्लेटच्या कोऱ्या जागेत शाई धरू नये म्हणून लावतो त्या. आर्ट पेपरची भुकटी त्या पाण्यात, म्हणजे फाउंटनमध्ये, उतरत राहते, बफरमुळे (पीएच टिकवून धरणारं केमिकल) पीएच ५ च्या आसपास छानच दिसतो आणि कंडक्टिव्हिटी (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) मात्र चढत असते. पाणी जास्त झालं की शाईत मिसळून रंग फिका पडतो, नवशिका काय करतो, इंक की उघडून शाई वाढवतो, मग कोऱ्या जागेत शाई धरायला लागते म्हणून परत पाणी वाढवतो, आणि शेवटी सगळे रोलर धुवायची वेळ येते. मुरलेला माणूस आधी पाणी कमी करून बघतो. हे त्या पोराला स्क्रीन सांगणार नाही.

भोसरी_नाइटशिफ्ट
मान्य, पण नुसत्या डोळ्यावरही चालत नाही हो. रात्रपाळीला ट्यूबलाइटखाली डोळा दमतो, आणि सहा महिन्यांनी तोच जॉब परत आला की मागचा सायन (निळा) किती होता ते कोणाच्या लक्षात राहणार? डेन्सिटोमीटर (शाईचा गडदपणा मोजायचं मीटर) घ्या, शीट बघायला ५००० केल्विनचा लाइट लावा, काकांना आकडे लिहून ठेवायची सवय लावा. आमच्याकडे जुन्या लोकांनी आधी कुरकुर केली, आता मीटरशिवाय शीट पास करत नाहीत.

मॅपलिथो
कागद विसरू नका!! जुलैत रिम उघडा राहिला की कडा ओलावा धरून लहरी होतात आणि शीटच्या शेपटीकडच्या कोपऱ्यात रजिस्टर सुटतं, म्हणजे रंग एकमेकांवर नीट बसत नाहीत. ऑटो रजिस्टर सिलिंडर हलवेल, फुगलेला कागद सरळ करणार नाही. आणि प्रीसेटिंगचे कर्व्ह (किती छपाईला इंक की किती उघडायची याचं गणित) कागदाप्रमाणे वेगळे लागतात, आर्टचा कर्व्ह बिनकोटिंगच्या मॅपलिथोला लावून भागत नाही. ते कर्व्ह तुमच्या प्रेसमध्ये बसवणार कोण, तो पोरगा?

पेठेतली_प्रेस
हे कोणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे पोरगा ठेवायचा तर काकांच्या हाताखाली.

फाउंटन
बरोबर. आणि मशीन बघायला काकांनाच घेऊन जा. सगळ्या इंक की झीरो करायला लावा आणि डक्ट रोलरवर (शाईच्या टाकीतला रोलर) शाई कुठे सुटतेय का बघा. सुटत असेल तर प्रीसेटिंग चुकीचंच येणार, भाव पाडून मागा.